डेटा सेंटरसाठी उपकेंद्र उभे राहील, पण त्याचा हप्ता कोणाच्या बिलात?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

डेटा सेंटरमुळे, म्हणजे इंटरनेट सेवांचे हजारो संगणक चोवीस तास चालवणाऱ्या केंद्रांमुळे, विजेची मागणी वाढते आहे आणि त्यामुळे वीज कंपन्यांच्या नफ्याला चांगले दिवस आले आहेत, अशा बातम्या अर्थविषयक पानांवर आता नेमाने येतात. बातमीतले आकडे बरोबर असतात, कारण मात्र बहुधा अर्धवट सांगितलेले असते. जास्त युनिट विकले म्हणून नफा वाढला, असा वाचकाचा समज होतो. किराणा दुकानाला हे लागू पडेल, राज्य वीज नियामक आयोगाने दर ठरवून दिलेल्या वीज कंपनीला नाही. हा फरक स्पष्ट नसल्यामुळे नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांचा खर्च शेवटी कोणाच्या गळ्यात पडणार, हा प्रश्नच विचारला जात नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

घरातले वीजबिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि शेवटी १६ टक्के वीज शुल्क, अशा ओळी दिसतील. कंपनी बाहेरून जी वीज विकत घेते तिचा खर्च वीज आकारात जसाच्या तसा वसूल होतो. त्यावर नफा घेता येत नाही. अंदाजापेक्षा महाग वीज घ्यावी लागली तर फरक इंधन समायोजन आकारात उतरतो. नफा येतो तो उपकेंद्रे, ट्रान्सफॉर्मर, वाहिन्या, केबल यांत घातलेल्या भांडवलावर. नियामक आयोग मंजूर भांडवली खर्चाचे ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल धरतो आणि त्या ३० टक्क्यांवर ठरवून दिलेल्या दराने परतावा देतो. म्हणजे कंपनीने जितके जास्त बांधले आणि आयोगाने जितके मंजूर केले, तितका तिचा नफा. मीटर किती फिरला याच्याशी त्याचा थेट संबंध नाही.

एक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. १०० मेगावॉटच्या नव्या डेटा सेंटरमुळे वरच्या जाळ्यात जादा ट्रान्सफॉर्मर, बे (उपकेंद्रात वाहिनी जोडण्याची जागा) आणि २२० केव्हीची वाहिनी मिळून ३०० कोटी रुपये खर्च झाला असे समजा. २१० कोटी कर्ज, ९० कोटी भागभांडवल. भांडवलावर १४ टक्के परतावा धरला तर १२ कोटी ६० लाख. कर्जावर ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज १८ कोटी ९० लाख. ५.२८ टक्के घसारा १५ कोटी ८४ लाख. प्राप्तिकर आणि देखभाल बाजूला ठेवली तरी वर्षाला ४७ कोटी ३४ लाख रुपये कोणीतरी भरायचे आहेत.

डेटा सेंटर पूर्ण भरले आणि १०० मेगावॉट ८० टक्के भार गुणांकाने, म्हणजे वर्षभर सरासरी ८० मेगावॉट, वापरले, तर वर्षाला सुमारे ७० कोटी युनिट होतात आणि हा खर्च युनिटमागे ६८ पैसे पडतो. पण पहिल्या वर्षी इमारतीचा एकच मजला चालू झाला आणि वापर २० मेगावॉटवरच राहिला, तर युनिट १४ कोटींच्या आसपास आणि खर्च युनिटमागे ३ रुपये ३८ पैसे. एवढा दर डेटा सेंटरला कोणी लावत नाही. वसुलीत आलेली तूट पुढच्या ट्रू-अपमध्ये, म्हणजे मंजूर आणि प्रत्यक्ष हिशेबाचा फरक मिटवताना, सगळ्या ग्राहकांच्या दरात मिसळते. कंपनीचे १२ कोटी ६० लाख दोन्ही वेळा तेवढेच राहतात. प्रत्यक्षात शेतीपंपांची थकबाकी आणि गळती यांमुळे महावितरणच्या हातात कागदावरचा परतावा पुरता पडत नाही, हे खरे. पण ग्राहकाच्या दरात तो धरलेला असतोच.

यावर उत्तर मिळते की डेटा सेंटर आपली लाइन स्वखर्चाने टाकते. हे अर्धेच खरे आहे. डीडीएफखाली, म्हणजे एकाच ग्राहकासाठी असलेल्या स्वतंत्र वाहिनीचा खर्च ग्राहक करतो, कंपनीला १.३ टक्के देखरेख शुल्क देतो आणि वाहिनी कंपनीच्या ताब्यात जाते. ग्राहकाच्या पैशातून झालेल्या मालमत्तेवर कंपनीला परतावा मिळत नाही, आणि तसेच असायला हवे. पण ती वाहिनी ज्या उपकेंद्रातून निघते त्या उपकेंद्रातली क्षमता, त्याच्या वरचे ४०० केव्हीचे ट्रान्सफॉर्मर आणि तिथपर्यंत येणाऱ्या वाहिन्या या ‘सामाईक जाळे’ ठरतात. खरा खर्च तिथे आहे. कंपनीचा परतावाही तिथेच आहे, त्यामुळे एखादे काम ‘ग्राहकाचे’ की ‘सामाईक’ ही रेघ कुठे ओढायची याकडे आयोगाने डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. राज्यातल्या सगळ्या पारेषण कंपन्यांचा मंजूर खर्च एकत्र करून तो वितरण कंपन्यांत त्यांच्या कमाल मागणीच्या प्रमाणात वाटला जातो. महावितरणच्या वाट्याला येणारा हिस्सा पुढे तिच्या सगळ्या ग्राहकांवर पसरतो. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरसाठी वाढवलेल्या अतिउच्चदाब जाळ्याचा हप्ता अशा रीतीने गडचिरोलीच्या घरगुती ग्राहकापर्यंत आणि इचलकरंजीच्या यंत्रमागापर्यंत पोहोचतो. डेटा सेंटरने ठरल्याप्रमाणे वीज वापरली तर तीच व्यवस्था सगळ्यांच्या फायद्याचीही ठरते, कारण तोच खर्च जास्त युनिटांवर वाटला जातो. सगळा प्रश्न त्या ‘ठरल्याप्रमाणे’वर येऊन थांबतो.

आणि नेमके तिथेच आपले करार ढिले आहेत. अर्ज १०० मेगावॉटचा होतो, क्षमता तेवढी राखून ठेवली जाते, पण कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारात नोंदवलेली कमाल मागणी, टप्प्याटप्प्याने वाढवायची मुभा असते. मागणी आकार, म्हणजे दरमहा प्रति केव्हीए भरायची रक्कम, कॉन्ट्रॅक्ट डिमांडशी बांधलेली असते, राखून ठेवलेल्या क्षमतेशी नाही. केव्हीएमागे महिन्याला ६०० रुपये धरले तर १ लाख केव्हीएचे (ढोबळमानाने १०० मेगावॉट) वर्षाला ७२ कोटी होतात, २० हजार केव्हीएचे १४ कोटी ४० लाख. मधले ५७ कोटी ६० लाख म्हणजे त्या ढिलाईची किंमत. त्यात एकच विकासक शेजारच्या दोन जागांसाठी, कधी दोन वेगळ्या कंपन्यांकडे, त्याच प्रकल्पाचे अर्ज करून ठेवतो. जिथे आधी वीज मिळेल तिथे बांधतो. नियोजन करणाऱ्याला कागदावर दुप्पट मागणी दिसते आणि तो तेवढ्यासाठी आराखडा करतो.

अमेरिकेत हे सगळे आपल्या आधी घडून गेले आहे. व्हर्जिनिया राज्यातला लाउडन परगणा, त्यातले ॲशबर्न गाव, हे जगातले डेटा सेंटरचे सर्वांत मोठे आगर. तिथली वीज कंपनी डॉमिनियन एनर्जी. व्हर्जिनियातल्या तिच्या विक्रीत डेटा सेंटरांचा वाटा २०२४ मध्ये सुमारे २६ टक्के होता. २०२२ च्या जुलैत या कंपनीला पूर्व लाउडनमध्ये नव्या मोठ्या जोडण्या थांबवाव्या लागल्या. वीज नव्हती म्हणून नव्हे, ती आणणाऱ्या पारेषण वाहिन्या पुरेशा नव्हत्या म्हणून. पुढे करारांच्या निरनिराळ्या टप्प्यांत असलेली डेटा सेंटरची मागणी २०२४ च्या जुलैत २१ गिगावॉट होती, ती त्याच डिसेंबरात ४० गिगावॉटवर गेली. पाच महिन्यांत जवळपास दुप्पट. कंपनीने पाच वर्षांचा भांडवली आराखडा ४३ अब्ज डॉलरवरून ५० अब्जांवर नेला. पण प्रतिशेअर कमाईच्या वाढीचा तिने दिलेला अंदाज वर्षाला ५ ते ७ टक्केच राहिला. मागणी दुप्पट आणि नफ्याची वाढ पूर्वीइतकीच, हे कोडे वाटेल. पण नफा मंजूर भांडवलातून आणि आयोगाने ठरवलेल्या दराने येतो, हे लक्षात घेतले की उलगडते. करार झाल्या दिवशी नफा होत नाही. उपकेंद्र बांधून झाले आणि आयोगाने ते दरात धरले की मग होतो.

त्या ४० गिगावॉटचे तीन थर आहेत आणि ते वेगळे ठेवण्याची पद्धत आपण उचलण्यासारखी आहे. पहिल्या थरात ग्राहक उपकेंद्राच्या आरेखनाला लेखी संमती देतो, दुसऱ्यात बांधकामाला, तिसऱ्यात प्रत्यक्ष वीजपुरवठ्याचा करार होतो. पहिल्या दोन टप्प्यांत ग्राहक मागे फिरला तर तोवरचा खर्च त्याने भरायचा. आपल्याकडे सामंजस्य करार, अर्ज, मंजुरी आणि चालू भार हे चारही आकडे एकाच वाक्यात, एकाच ‘गुंतवणुकी’च्या नावाखाली येतात.

सामान्य ग्राहकाला त्याची झळ कशी बसते, तेही तिथे दिसले. व्हर्जिनियासह १३ राज्यांची ग्रिड चालवणाऱ्या पीजेएममध्ये पुढच्या वर्षांची उत्पादनक्षमता लिलावाने घेतली जाते. २०२४-२५ साठी दर मेगावॉटला दिवसाला २८.९२ डॉलर होता, २०२५-२६ साठी २६९.९२ झाला. एकूण रक्कम २.२ अब्ज डॉलरवरून १४.७ अब्जांवर गेली. त्यातले सुमारे ९.३ अब्ज चालू आणि येऊ घातलेल्या डेटा सेंटरच्या मागणीमुळे, असा हिशेब तिथल्या स्वतंत्र बाजार-निरीक्षकाने मांडला. ही रक्कम त्या राज्यांतली घरे आणि दुकानेही भरतात.

तिथल्या आयोगांनी मग काय केले? ओहायोच्या आयोगाने २०२५ च्या जुलैत एईपी ओहायो या कंपनीसाठी आदेश दिला: २५ मेगावॉटपेक्षा मोठ्या नव्या डेटा सेंटरने नोंदवलेल्या क्षमतेच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे, वापर कमी असला तरी, १२ वर्षांपर्यंत, त्यात भार चढवायला पहिली ४ वर्षे. शिवाय आर्थिक पत दाखवायची आणि सोडून गेल्यास दंड. परिणाम बघण्यासारखा आहे. या कंपनीकडे ३० गिगावॉटच्या चौकश्या होत्या, नियम लागू झाल्यावर त्या १३ गिगावॉटवर आल्या. उरलेल्या १७ गिगावॉटसाठी वाहिन्या आणि वीजकेंद्रे उभारली असती तर ती कोणासाठी, हा प्रश्न आपल्या नियोजनकर्त्यांनी स्वतःला विचारावा. व्हर्जिनियाच्या आयोगाने २०२५ च्या नोव्हेंबरात डॉमिनियनसाठी २५ मेगावॉट व त्यापुढच्या ग्राहकांची वेगळी वर्गवारी केली. करार १४ वर्षांचा, पारेषण-वितरणाच्या खर्चाचे किमान ८५ टक्के, उत्पादनाच्या खर्चाचे किमान ६० टक्के, अंमल २०२७ पासून. त्याच आदेशात कंपनीने मागितलेला १०.४ टक्के परतावा कापून ९.८ टक्क्यांवर आणला. कंपनी बुडाली नाही, डेटा सेंटर पळाली नाहीत.

पैशांइतकाच महत्त्वाचा आणि इकडे जवळजवळ न बोलला जाणारा भाग तांत्रिक आहे. १० जुलै २०२४ रोजी उत्तर व्हर्जिनियात २३० केव्हीच्या एका वाहिनीवर लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून वाहिनीला वाचवणारे उपकरण) फुटला. स्वयंचलित रीक्लोजरने वाहिनी पुन्हा पुन्हा चालू करून पाहिली आणि ८२ सेकंदांत सहा वेळा व्होल्टेज क्षणभर खाली गेले. ग्रिडच्या दृष्टीने हे रोजचेच दुखणे. पण डेटा सेंटरच्या यूपीएसमध्ये मोजणी असते: एका मिनिटात तीनदा व्होल्टेज दबले तर बाहेरची वीज बेभरवशाची समजून भार स्वतःच्या यंत्रणेवर घ्यायचा. अनेक ठिकाणी ही मांडणी सारखीच असल्यामुळे सगळीकडून मिळून सुमारे १,५०० मेगावॉट भार एकदम ग्रिडवरून गेला. परत येण्याची सोय हाताने करायची होती, त्यामुळे तो तासन्‌तास आलाच नाही. वारंवारता ६०.०४७ हर्ट्झपर्यंत चढली, व्होल्टेज चढले आणि ते उतरवायला कपॅसिटर बँका (व्होल्टेज उचलून धरणारी उपकरणे) काढाव्या लागल्या. वीज कमी पडून ग्रिड कोसळते एवढेच आपण शिकलो. भार अचानक नाहीसा झाल्यानेही ती तितकीच धोक्यात येते.

मुंबईसाठी याचा अर्थ अधिक गंभीर आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा-खारघर भागातल्या ४०० केव्ही वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि मुंबईला वेगळे काढून ट्रॉम्बे, डहाणू आणि जलविद्युत केंद्रांवर तगवणारी आयलंडिंग यंत्रणा टिकली नाही. आयलंडिंग टिकते ते आतला भार आणि आतले उत्पादन यांचा मेळ काही सेकंदांत बसला तरच. भाराचा मोठा वाटा पवई-चांदिवलीसारख्या भागातल्या डेटा सेंटरांचा असेल आणि नेमक्या त्या क्षणी तो डिझेल जनरेटरवर उडी मारणार असेल, तर लोडशेडिंगचा क्रम ठरवणाऱ्या रिलेचे (स्वयंचलित स्विचांचे) सगळे गणित चुकेल. म्हणून जोडणीच्या करारात लेखी हवे: व्होल्टेज किती टक्क्यांपर्यंत आणि किती मिलिसेकंद खाली गेले तरी भार ग्रिडवर राहील, यूपीएसची मोजणी काय असेल, आणि भार परत येताना मिनिटाला किती मेगावॉटच्या वेगाने, राज्य भार प्रेषण केंद्राला कळवून येईल. या सेटिंग चालू करण्याआधी तपासून सील कराव्यात.

केबलचेही सांगायला हवे, कारण रस्ता खोदला की सगळ्यांना दिसतो पण बिघाड का होतो ते दिसत नाही. जमिनीतल्या एक्सएलपीई (प्लॅस्टिक इन्सुलेशनच्या) केबलला नेहमीचा शहरी भार असेल तर रात्री भार उतरतो आणि केबलभोवतीची माती थंड होते. डेटा सेंटरचा भार चोवीस तास सपाट असतो. मातीला उसंत मिळत नाही, ती कोरडी पडते, कोरडी माती उष्णता कमी वाहून नेते, केबल आणखी तापते. एकाच चरात चार-सहा सर्किट जवळजवळ टाकली तर त्या एकमेकींना तापवतात. कॅटलॉगमधला ॲम्पिअरचा आकडा तसाच धरून टाकलेल्या केबलचा जॉइंट मग दोन-तीन उन्हाळ्यांत जातो. जॉइंट हीच कच्ची जागा: वरचा अर्धवाहक थर खरवडताना आतल्या इन्सुलेशनला पडलेला ओरखडा, घाईत राहिलेला ओलावा, नीट न आकसलेली स्लीव्ह. सपाट भारासाठी केबल निवडताना क्षमता उतरवून धरणे, दोन सर्किटांत पुरेसे अंतर आणि उष्णता वाहून नेणारी भरणी एवढे निविदेतच लिहिले तर पुढचा खणाखणीचा त्रास वाचतो. नव्या, अर्ध्याच भरलेल्या केंद्रात उलटा प्रश्न असतो. लांब केबल आणि यूपीएसचे फिल्टर यांमुळे पॉवर फॅक्टर लीडिंग होतो (प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावतो), रात्री उपकेंद्रावरचे व्होल्टेज चढते. ते उतरवणारा रिॲक्टर कोणी बसवायचा हे आधी ठरलेले नसेल तर तोही सामाईक खर्चात जातो.

डेटा सेंटर म्हणजे चांगल्या दराने बिल भरणारा मोठा ग्राहक, त्याच्या क्रॉस सबसिडीतून, म्हणजे त्याने भरलेल्या जादा दरातून, शेतकऱ्याला स्वस्त वीज देता येईल, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. डेटा सेंटरने सौर किंवा पवन प्रकल्पात २६ टक्के भागभांडवल घेऊन तिथली ५१ टक्के वीज वापरली, तर तो कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या प्रकल्पाची वीज वापरणारा, ग्राहक ठरतो. क्रॉस सबसिडी अधिभार त्याला लागत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १० डिसेंबर २०२१ च्या निकालानंतर अतिरिक्त अधिभारही (वितरण कंपनीच्या पडून राहिलेल्या वीजखरेदी करारांपोटीचा) नाही. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणाने नोंदणीकृत डेटा सेंटरला वीज शुल्कातही सवलत दिली आहे. हे सगळे कायदेशीर आहे आणि हरित वीज घेण्यात गैर काही नाही. पण दिवसा स्वतःची सौरवीज आणि सूर्य मावळला की तोच सपाट भार महावितरणवर, असे झाले तर संध्याकाळच्या महाग विजेची तरतूद वितरण कंपनीला करावी लागते. वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, त्या वेळचा दर अनेकदा कमाल मर्यादेला, युनिटमागे १० रुपयांना, टेकतो. तो खर्च परत इंधन समायोजन आकारातून सगळ्यांकडे येतो.

डेटा सेंटर नकोत असे आम्ही म्हणत नाही. ती इथेच यावीत. समुद्राखालच्या केबल मुंबईत उतरतात, ग्राहक इथे आहेत, कुशल माणसे इथे आहेत. मागणे एवढेच की राज्य वीज नियामक आयोगाने २५ मेगावॉटपासून पुढच्या डेटा सेंटरची स्वतंत्र वर्गवारी करावी, मागणी आकार कॉन्ट्रॅक्ट डिमांडवर न लावता राखून ठेवलेल्या क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर लावावा, भार चढवायला चार वर्षांची मुदत द्यावी आणि त्यानंतर न वापरलेली क्षमता काढून घ्यावी. बँक हमी वर्षभराच्या मागणी आकाराइतकी तरी असावी. एका प्रकल्पाचा अर्ज दोन ठिकाणी नाही, असे प्रतिज्ञापत्र घ्यावे.

वाचकांनाही यात काम आहे. दरवाढीच्या याचिकेची जाहीर सूचना दोन मराठी आणि दोन इंग्रजी दैनिकांत द्यावी लागते. आपल्याच वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात ती येते. सूचनेत हरकतीची शेवटची तारीख आणि याचिकेचा मराठी गोषवारा कुठे मिळेल ते दिलेले असते. वकील लागत नाही. ग्राहक क्रमांक टाकून, साध्या मराठीत, तीन तक्ते मागावेत. पहिला, डेटा सेंटरांचे अर्ज, मंजूर क्षमता, कॉन्ट्रॅक्ट डिमांड आणि गेल्या बारा महिन्यांची प्रत्यक्ष कमाल मागणी, उपकेंद्रवार. दुसरा, त्या क्षमतेसाठी झालेल्या भांडवली खर्चापैकी ग्राहकाने किती भरला आणि सामाईक म्हणून किती धरला. तिसरा, त्या सामाईक खर्चावर मागितलेला परतावा, व्याज आणि घसारा, आणि तो कोणत्या वर्गातल्या ग्राहकांवर युनिटमागे किती पैसे पडतो.

आपले,
वीज पारेषण व वितरण क्षेत्रातले काही अभियंते,
ठाणे-बेलापूर पट्टा